सहा तासांचं औषध

२८ ऑक्टोबर २०२४, सोमवार

नवा टेक्नेशियम जनरेटर आला. मामांनी ट्रॉलीवरून आणून शिशाच्या विटांमागे ठेवला. मी सर्व्हे मीटर फिरवून आकडा वहीत टाकला, जुना जनरेटर आतल्या खोलीत सरकवला आणि पहिलं इल्यूशन घेतलं. जगभरच्या हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधं करण्याच्या आमच्यासारख्या खोल्यांत, या यंत्राला ‘काऊ’, गाय, म्हणतात. आज वसुबारस, म्हणून मावशींनी हौसेनं दाराबाहेर छोटी रांगोळी काढली होती.

नवीन रुजू झालेली मुलगी आज पहिल्यांदाच सगळं शेजारी उभं राहून पाहत होती. एमएस्सी झाली आहे, पुस्तकातलं सगळं पाठ आहे. शिशाच्या आत काचेची एक बारीक नळी, नळीत ॲल्युमिनाची पूड, पुडीला धरून बसलेलं मॉलिब्डेनम-९९. ते ६६ तासांत निम्मं होतं आणि त्यातून टेक्नेशियम-९९एम तयार होत राहतं. वरून सलाइन सोडायचं, खालून निर्वात कुपी लावायची. टेक्नेशियम सलाइनबरोबर खाली येतं, मॉलिब्डेनम जागेवर राहतं. ही धार काढणं म्हणजे इल्यूशन, कुपीत आलेलं द्रव म्हणजे इल्युएट. साधारण २३ तासांनी नळीत पुन्हा भरपूर टेक्नेशियम साठलेलं असतं.

सलाइन संपलं, कुपीत बुडबुडे यायला लागले तसा तिनं हात पुढे केला. “मॅडम, झालं ना? काढू?” मी थांबवलं. कुपीनं नळीतला शेवटचा थेंब ओढून, मागून हवा खेचून घेतली पाहिजे. नळी ओली राहिली तर आतल्या किरणोत्सारानं त्या पाण्याचेच तुकडे पडत राहतात, त्यातून तयार होणारे पदार्थ टेक्नेशियमचं रूप बदलतात आणि उद्या सकाळी हिशेबापेक्षा कमी माल हाती येतो. आज वाचवलेलं अर्धं मिनिट उद्याच्या रुग्णाच्या डोसमधून वजा होतं.

मग तपासण्या. मॉलिब्डेनम नळीतून निसटलं आहे का, हे पाहायला कुपी जाड शिशाच्या डब्यात घालून डोस कॅलिब्रेटरमध्ये ठेवतात. टेक्नेशियमचे १४० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचे किरण शिशात अडतात, मॉलिब्डेनमचे जास्त ताकदीचे किरण पार होतात. मर्यादा आहे दर मिलिक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरी मॉलिब्डेनम, आणि ती इंजेक्शनच्या क्षणाची आहे, इल्यूशनच्या क्षणाची नव्हे. हे मी तिला कागदावर मांडून दाखवलं. सकाळी ०.०५ असलेलं गुणोत्तर बारा तासांनी ०.१८ होतं, कारण टेक्नेशियम भराभर संपतं आणि मॉलिब्डेनम रेंगाळतं. सकाळी उत्तीर्ण झालेली कुपी संध्याकाळी नापास होऊ शकते. तिला हे कुणी असं सांगितलं नव्हतं.

ॲल्युमिनियमसाठी कागदाच्या पट्टीवर एक थेंब. मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या प्रमाण थेंबाशेजारी ठेवून गुलाबी रंग ताडायचा. आपला डाग फिका हवा. कित्येक ठिकाणी ही पट्टी आठवड्यातून एकदाच काढतात. मी रोज काढते. नळीतली पूड सुटून सलाइनमध्ये आली तर ॲल्युमिनियममुळे औषधाच्या बारीक गुठळ्या होतात. हाडांच्या स्कॅनमध्ये मग यकृत दिसायला लागतं, आणि सल्फर कोलॉइड असेल तर यकृताऐवजी फुफ्फुसं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी साडेसहाला इल्यूशन. हाडांच्या स्कॅनचे रुग्ण, म्हणजे हाडांकडे जाणारं औषध, एमडीपी.

ज्यांनी या खोलीत कधी पाऊल टाकलेलं नाही त्यांना वाटतं, कुपीत किरणोत्सारी पाणी घातलं, हलवलं, झालं. दिसायला तेवढंच आहे. जनरेटरमधून येणारं टेक्नेशियम परटेक्नेटेटच्या रूपात असतं, आणि त्या रूपात ते कशालाही जोडलं जात नाही. शरीरात सोडलं तर थायरॉइड, लाळग्रंथी आणि जठराकडे जातं. हाडात न्यायचं तर आधी त्याची रासायनिक पातळी खाली आणावी लागते, तेव्हा ते एमडीपीच्या रेणूला धरतं. हे खाली आणण्याचं काम कुपीतलं कथील करतं, स्टॅनस क्लोराइड. १९७० मध्ये विल्यम एकलमन आणि पॉवेल रिचर्ड्स यांनी डीटीपीए या दुसऱ्या औषधासाठी कथील घातलेली तयार कुपी, म्हणजे किट, मांडली, आणि आजही जगातल्या बहुतेक टेक्नेशियम किटचा पाया तोच आहे.

पण हेच कथील हवेतल्या ऑक्सिजनवरही तितक्याच तत्परतेनं खर्च होतं. म्हणून कुपीत हवा नसते, नायट्रोजन असतो. आज तिला पहिलं किट करायला दिलं. तिनं चार मिलिलिटर इल्युएट ढकललं आणि दाब सोडायला सिरिंजचा दांडा मागे घेतला. इथवर बरोबर. मग सवयीनं सिरिंजमधला तोच वायू पुन्हा कुपीत ढकलायला निघाली. मी तिचं मनगट धरलं. जेवढं द्रव आत गेलं तेवढाच वायू बाहेर काढायचा, आणि एकदा बाहेर आलेलं काही परत आत जायचं नाही. सिरिंजच्या टोकाला राहिलेला हवेचा फुगासुद्धा आत जायचा नाही. एमडीपीत कथील मिलिग्रॅमच्या घरात असतं, त्यामुळे ते थोडं सोसून घेतं. सगळी किटं इतकी सोशिक नसतात.

दुसरी गोष्ट बुचाची. स्पिरिटनं पुसलेलं रबर वाळेपर्यंत थांबायचं. ओल्या बुचातून सुई घातली की थोडं स्पिरिट आत जातं, आणि कुपीत काय जावं याच्या यादीत ते नाही. तिसरी गोष्ट सलाइनची. इल्युएट पातळ करायचं असेल तर जंतुनाशक घातलेलं सलाइन चालत नाही. वॉर्डातून मागवलेल्या बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय सुई घालायची नाही, बाटली कितीही ओळखीची दिसो.

पंधरा मिनिटं थांबून दोन पट्ट्या. एक ॲसिटोनमध्ये, तिच्यात मोकळं परटेक्नेटेट वर धावतं. दुसरी सलाइनमध्ये, तिच्यात कशालाच न जोडलेलं, खाली बसलेलं टेक्नेशियम मूळ जागी राहतं. दोन्हींची बेरीज शंभरातून वजा केली की एमडीपीला नीट जोडलेलं किती ते कळतं. ९७ टक्के आले. मर्यादा ९०.

दुपारी तीनला शेवटच्या रुग्णाचा फोटो. कवटीपासून पावलापर्यंत सगळी हाडं स्वच्छ, पोट रिकामं. पोट रिकामं दिसणं ही आमच्या कामाची सही.

३० ऑक्टोबर, बुधवार

आज हृदयाचे स्कॅन, सेस्टामिबी. हे किट उकळावं लागतं, आणि आमच्या खोलीत सगळ्यात जास्त हलगर्जीपणा इथेच होतो. दिसायला काम अगदी घरगुती आहे ना.

कुपीत सेस्टामिबीचा रेणू तांब्याला बांधून ठेवलेला असतो. टेक्नेशियमला त्याची जागा घ्यायला उष्णता लागते. सूचना साधी आहे, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं. प्रश्न हा की दहा मिनिटं कधीपासून मोजायची? थंड कुपी पाण्यात सोडली की उकळी बसते. ती पुन्हा उठली की तिथून घड्याळ लावायचं. कुपी भांड्याच्या तळाला टेकलेली नको, लटकती हवी. पाणी आतल्या द्रवाच्या वर, पण ॲल्युमिनियमच्या टोपणाला न लागेल इतकंच. कुपी शिशाच्या जाड डब्यासकट पाण्यात ठेवणारे मी पाहिले आहेत. किरणांपासून हात वाचतात हे खरं, पण शिसंच तापायला वेळ घेतं, आतलं द्रव दहा मिनिटांत पुरेसं तापतच नाही, आणि मग निकाल ८८ का आला म्हणून कंपनीला फोन होतो. कवच भांड्याभोवती उभं करावं. कुपीला गुंडाळू नये.

नंतर पंधरा मिनिटं निवू द्यायचं. आज बाहेर ट्रेडमिलवर रुग्ण चालायला सुरुवात झाली होती आणि आतून हाक आली, “झालं का? पेशंटची पल्स चढली!” निकाल हातात नव्हता. इथे घाई करणाऱ्याचंही चुकत नाही. ताणाचं इंजेक्शन हृदय ताणात असतानाच द्यावं लागतं, तो क्षण निसटला तर रुग्णाला पुन्हा चालवावं लागतं. म्हणूनच मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट मागते आहे. ट्रेडमिल माझ्या फोननंतर सुरू करा. पट्टी वाचून झाल्याशिवाय बूट घालू नका. डॉक्टरांनी आज मान्य केलं आणि ते नियम म्हणून फळ्यावर लिहिलं गेलं.

९६ टक्के.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

नरक चतुर्दशी. पहाटेचं अभ्यंगस्नान आटोपून कामावर. अर्धा दिवस, चारच रुग्ण.

अकराला आयसीयूतून फोन. पायाला सूज, अचानक धाप लागलेली बाई, फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी आहे का ते हवं होतं. मूत्रपिंडं खराब, त्यामुळे सीटीचं कॉन्ट्रास्ट देता येत नव्हतं. म्हणजे एमएए, अल्ब्युमिनचे बारीक कण. ते फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांत काही तास अडकून राहतात, जिथे रक्त पोचत नाही तिथे पोचत नाहीत, आणि ती जागा फोटोत काळी राहते.

सकाळी आठला केलेली एमएएची कुपी होती. टेक्नेशियम तीन तासांत तीस टक्के गळलेलं. तेवढाच डोस हवा तर जास्त मिलिलिटर ओढायला हवेत, असं मुलगी म्हणाली. हिशेब बरोबर होता. पण टेक्नेशियम गळतं, कण गळत नाहीत. जास्त मिलिलिटर म्हणजे जास्त कण. मोठ्या माणसाला सहसा दोन ते सात लाख कण चालतात. मात्र या बाईंच्या फुफ्फुसातला दाब आधीच वाढलेला आहे, असं इकोच्या कागदावर लिहिलं होतं. अशा रुग्णात कण कमी, एक-दोन लाखांच्या आसपास ठेवायचे असतात, कारण तिथे मोकळ्या केशवाहिन्याच कमी उरलेल्या असतात. मी नवी कुपी केली, जास्त टेक्नेशियम आणि कमी कण असं प्रमाण धरून. वीस मिनिटं गेली. आयसीयूचे डॉक्टर दोनदा खाली येऊन गेले. गेले तर गेले.

सिरिंज हलवून, कण तळाला बसू न देता, सावकाश इंजेक्शन. सिरिंजमध्ये रक्त मागे घ्यायचं नाही, नाहीतर गुठळी आपणच बनवतो आणि ती फोटोत लख्ख ठिपका होऊन दिसते.

उजव्या बाजूला दोन जागा काळ्या होत्या. संध्याकाळी हेपरिन सुरू झालं.

आजच्या इल्यूशननंतर जनरेटरला सोमवारपर्यंत कुणी हात लावणार नाही. यादीवर तसंच लिहिलं आहे. मला ते पटलेलं नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. घरीच. दुपारी मला हे काम शिकवणाऱ्या सरांना फोन केला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून पहिला प्रश्न हाच, “इल्युएट कसं आहे?”

सरांच्या पिढीनं नळीचा जनरेटर फार उशिरा पाहिला. तुर्भ्याच्या अणुभट्टीत साधं मॉलिब्डेनम किरणोत्सारी करून आणायचं, अल्कलीत विरघळवायचं, मग मिथाइल इथाइल कीटोन घालून हलवायचं. टेक्नेशियम कीटोनच्या थरात चढतं, मॉलिब्डेनम खाली राहतं. वरचा थर वेगळा काढून कीटोन उडवायचा आणि उरलेलं सलाइनमध्ये घ्यायचं. देशी मॉलिब्डेनमवर चालणारी ही पद्धत होती. बाहेरच्या अणुभट्ट्यांवर तिचं काही अवलंबून नव्हतं. त्या दिवसांत औषध चांगलं होणार की नाही हे माणसाच्या हातावर आजच्यापेक्षा कितीतरी जास्त अवलंबून होतं, कारण कीटोनचा सेंद्रिय अंश मागे राहिला की पुढचं किट बिघडायचं. सर ते नाकानं ओळखायचे. मी शिकले तेव्हा त्यांनी मला आधी वास घ्यायला शिकवलं आणि मग सांगितलं, की वासावर कधीच विसंबू नकोस, पट्टी काढ.

देशी मॉलिब्डेनमचं महत्त्व मला २००९ मध्ये कळलं. त्या मे महिन्यात कॅनडातल्या चॉक रिव्हरची एनआरयू अणुभट्टी जड पाण्याच्या गळतीमुळे बंद पडली आणि ऑगस्ट २०१० पर्यंत बंदच राहिली. जगाच्या मॉलिब्डेनमचा मोठा हिस्सा तिथून येत असे. युरोपातली पेटनची भट्टीही त्याच काळात दुरुस्तीसाठी काही महिने थांबली. जगभर स्कॅन पुढे ढकलले गेले. ज्या मूलद्रव्याचा पहिला नमुना १९३७ मध्ये पालेर्मोत, बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधल्या मॉलिब्डेनमच्या एका तुकड्यातून, एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिए यांनी ओळखला, ते मूलद्रव्य तोवर इतकं रोजचं झालं होतं की ते कुठून येतं हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

सरांना विचारलं, चार दिवस न काढलेला जनरेटर, सोमवारी मेंदूच्या स्कॅनचं एचएमपीएओ आहे, काय करू?

“रविवारी जा,” सर म्हणाले. “भाऊबीज संध्याकाळी असते.”

३ नोव्हेंबर, रविवार

गेले. सकाळी सातला खोली उघडली. सिक्युरिटीवाल्यानं विचारलं, “मॅडम, आज पण पेशंट?” पेशंट नाही म्हटलं, तयारी आहे.

यामागचं कारण वहीत नीट लिहून ठेवते. मुलीनं फोनवर विचारलं तेव्हा घाईत सांगितलं होतं.

मॉलिब्डेनममधून टेक्नेशियम-९९एम तयार होतं, तेही सहा तासांत निम्मं होऊन टेक्नेशियम-९९ बनतं. शेवटचं ‘एम’ गळतं, बाकी अणू तोच. त्याचं अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून जास्त, म्हणजे आमच्या यंत्रांच्या दृष्टीनं तो जवळजवळ निष्क्रिय. फोटोत दिसत नाही, डोस कॅलिब्रेटरवर दिसत नाही. पण रसायनशास्त्राला दोघांत काही फरक नाही. कुपीतलं कथील दोघांवर सारखंच खर्च होतं. जनरेटर चोवीस तासांपूर्वी काढलेला असेल तर बाहेर येणाऱ्या टेक्नेशियमच्या अणूंपैकी सुमारे २८ टक्के आपल्या कामाचे असतात. तीन दिवस तसाच राहिला तर ८ टक्क्यांहूनही कमी, चार दिवसांनी त्याहून खाली. आकडा मिलिक्युरीत तोच दिसतो. डोस कॅलिब्रेटर म्हणतो, भरपूर आहे. कुपीत मात्र कित्येक पट गर्दी शिरलेली असते आणि कथील तेवढंच.

एमडीपीला यानं सहसा फरक पडत नाही, त्यात कथील मुबलक. एचएमपीएओच्या कुपीत स्टॅनस क्लोराइड किती असतं? ७.६ मायक्रोग्रॅम. एमडीपीच्या शंभराव्या हिश्शाइतकंही नाही. म्हणून त्या किटच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं, की इल्युएट दोन तासांपेक्षा जुनं नको आणि जनरेटर आधीच्या चोवीस तासांत एकदा काढलेला हवा. दोन वेगळ्या अटी आहेत. पहिली बहुतेक जण पाळतात. दुसरी यादी करणाऱ्याच्या लक्षात नसते, कारण ती कालच्या दिवसाबद्दल आहे.

पर्याय होता सोमवारी पहाटे एक इल्यूशन घेऊन फेकून द्यायचं आणि थोड्या वेळानं दुसरं घ्यायचं. करतात असं. पण चार तासांत नळीत एक तृतीयांशच भरतं, आणि सोमवारी सुट्टीनंतरची हाडांची रांगही असणार. तेव्हा आज काढलं, कुपीवर ‘वापरू नये, क्षयासाठी’ असं लिहून शिशामागे ठेवली, रजिस्टरला वेळ टाकली. पाऊण तासाचं काम.

किटच्या डब्यावर घटकांची यादी असते. अमुक मिलिग्रॅम हे, अमुक ते. वेळ त्या यादीत कुठेच नसतो. मागच्या धारेपासूनचा वेळ, इल्युएट काढल्यापासूनचा, उकळीपासूनचा, मिसळल्यापासूनचा. माझ्या अनुभवात बिघडलेल्या कुप्यांपैकी बहुतेक याच न लिहिलेल्या घटकानं बिघडल्या आहेत. म्हणून नव्या माणसाला मी आधी घड्याळ शिकवते आणि मग सिरिंज.

संध्याकाळी भाऊ आला. ओवाळलं.

४ नोव्हेंबर, सोमवार

साडेसहाला इल्यूशन, कालच्यानंतर साडेतेवीस तासांनी. माल भरपूर.

अपस्माराचा रुग्ण, कॉलेजातला मुलगा, रत्नागिरीचा. शस्त्रक्रियेआधी मेंदूचा रक्तप्रवाह पाहायचा होता. त्याला आधीच अंधाऱ्या खोलीत निजवलं, हातात कॅन्युला लावून ठेवली, म्हणजे औषध देताना सुईची कळ नको. एचएमपीएओ मेंदूत शिरतं आणि काही मिनिटांत तिथेच अडकून बसतं. फोटो नंतर काढला तरी त्यात इंजेक्शनच्या वेळचा मेंदू उमटतो. त्या वेळी दार वाजलं, कुणी मोबाइलवर बोललं, तर तेही त्यात.

किट केलं आणि घड्याळ लावलं. अर्ध्या तासाच्या आत द्यायचं. चरबीत विरघळणारं, मेंदूत शिरू शकणारं रूप कुपीतच हळूहळू दुसऱ्या रूपात बदलत जातं, आणि ते दुसरं रूप मेंदूत जात नाही. याला तीन वेगळ्या पट्ट्या लागतात. मुलीनं तिन्ही एकाच वेळी लावल्या. वाचन होईपर्यंत मी सिरिंज भरून, कवचात घालून दाराशी उभी. किमान ८० हवेत. तिनं गणित करून ८६ सांगितलं, मी पुन्हा केलं, ८६. एकोणिसाव्या मिनिटाला इंजेक्शन.

फोटो सुंदर आला. टेम्पोरल भागातली डावी-उजवी तफावत पहिल्याच कापात दिसते.

हाडांचे रुग्ण सगळे वेळेत.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आज एमडीपी ८४ टक्के.

पट्टी वाचून मुलगी गप्प झाली, मग तिनं पुन्हा मोजली. ८४. मोकळं परटेक्नेटेट वाढलेलं. बाहेर जळगावहून रात्रीच्या गाडीनं आलेल्या बाई, स्तनाच्या कर्करोगावर उपचार चाललेल्या, मुलगा सोबत. डॉक्टर म्हणाले, देऊन टाकू, सहा टक्क्यांनी काय होतं, फोटोत कळेलच.

मी नाही म्हटलं. फोटोत काय कळेल? जठर चमकेल, ते डाव्या खालच्या बरगड्यांवर येईल. थायरॉइड चमकेल, ते मानेच्या मणक्यांवर येईल. या बाईंच्या बाबतीत प्रश्नच बरगड्यांचा आणि मणक्यांचा आहे. तिथे ठिपका दिसला तर तो कर्करोग की आमचं औषध? आणि एकदा इंजेक्शन गेलं की ते परत घेता येत नाही. किरणोत्सार तिच्या अंगात जातो, उत्तर मात्र मिळत नाही.

कुपी बाजूला. आता कारण शोधायचं. इथे अंदाज बांधत बसायचं नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्याच लॉटची दुसरी कुपी, तेच इल्युएट, तोच हात. पंधरा मिनिटांनी पट्टी, ९७. म्हणजे इल्युएट बरं, लॉट बरा, पद्धत बरी. दोष त्या एका कुपीत. दुसरीही पडली असती तर मग इल्युएट बदलून तिसरी, आणि तीही पडली असती तर दुसरा लॉट. मुलीनं पहिली कुपी चिमट्यात धरून काचेमागून सगळीकडून पाहिली आणि टोपणाची ॲल्युमिनियमची कडा एका बाजूला किंचित उचललेली दाखवली. तिथून हवा शिरली असणार, आणि कथील इल्युएट घालण्याआधीच खर्च झालं असणार. लॉट नंबर, टोपणाचा फोटो, दोन्ही पट्ट्यांचे आकडे लिहून पुरवठादाराला कळवलं. यापुढे कुपी फ्रिजमधून काढताना कडेवर बोट फिरवायचं, हे आमच्या पद्धतीच्या कागदात आज वाढवलं.

बाईंना पाऊण तास उशिरा इंजेक्शन मिळालं. मुलानं विचारलं, काही बिघडलं का? मुलीनं त्याला सगळं सांगितलं, की औषध तपासलं, ते कमी भरलं, म्हणून नवं केलं. तो म्हणाला, “बरं केलंत, पुन्हा यायला सुट्टी नव्हती मला.”

फोटोत पोट रिकामं. सातव्या बरगडीत एक जागा आहे, ती डॉक्टरांनी नोंदवली. ती खरी आहे, एवढं मला आज छातीठोकपणे म्हणता येतं.

६ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टर स्वतःहून हॉट लॅबमध्ये आले. प्रत्येक कुपीची पट्टी, इंजेक्शनआधी, हे आता विभागाचं लिखित धोरण होईल म्हणाले. आजवर ते माझ्या हट्टावर चाललं होतं. पट्ट्यांचा खर्चही मंजूर.

दुपारी महिन्याची यादी घेऊन बसलो. १५ तारखेला शुक्रवारी गुरुनानक जयंती, पुढे शनिवार-रविवार, म्हणजे पुन्हा तीन दिवसांचा खंड. सोमवारी १८ ला लाल पेशींचं लेबलिंग आहे, तेही जुन्या इल्युएटला नाजूक. मग २० ला विधानसभेचं मतदान, सुट्टी, आणि २१ ला एचएमपीएओ. म्हणजे १७ ला रविवारी एकदा आणि २० ला एकदा कुणीतरी येऊन जनरेटर काढला पाहिजे. मी दोन्ही ठिकाणी माझं नाव लिहिणार होते. मुलीनं पेन घेतलं आणि १७ समोर स्वतःचं लिहिलं. २० ला मी मतदान करून येईन, केंद्र सातला उघडतं.